नीळबाईच्या चौदा खिडक्या

त्या सिनेमाला आता अभिजात म्हणतात. भुताच्या घराचा सिनेमा, पण त्यात जाळी नाहीत, वटवाघळं नाहीत, आपोआप कुरकुरणारा दरवाजा नाही. सगळं पांढरंशुभ्र, इस्त्री केलेलं, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एक बाई. शिकलीसवरलेली मुलं तो पाहून वह्याच्या वह्या भरतात, की दिग्दर्शकाने पांढऱ्या रंगाचा काय उपयोग केला अन् काय नाही. भरू देत. पांढरा रंग दिग्दर्शकाने आणला नव्हता. तो नीळबाईच्या भट्टीतून निघाला होता, आणि त्यापायी कोणाचे हात सोलले होते ते वहीत कोणी लिहीत नाही.

घर नीळबाईचं. नाव गावाने ठेवलेलं. पांढऱ्या कपड्याला शेवटच्या पाण्यात नीळ द्यायची असते. जास्त झाली तर कपडा आजारी दिसतो, कमी झाली तर पिवळा. हिचा हात आयुष्यात चुकला नाही. धाकटी पाळण्यात असताना नवरा गेला, तेराव्या दिवसाची वाटसुद्धा न बघता ही बाई भट्टीपुढे उभी राहिली, आणि लोकांच्या चादरी धूत धूत तिने दुमजली घर बांधलं. खाली लॉन्ड्री, वर राहणं, गच्चीवर वाळत घालायच्या दोऱ्या. खिडक्या चौदा. डॉक्टरांच्या घराला अकराच होत्या. तिने रस्त्यात उभं राहून मोजल्या होत्या.

घरात कायदा एकच होता, तो तिच्या उजव्या हाताच्या बोटात होता. धुऊन वाळलेली प्रत्येक चादर ती खिडकीच्या उजेडाला धरायची, बोट काठापासून काठापर्यंत फिरवायची. डाग सापडला तर ओरडायची नाही. ओरडणाऱ्या बायकांना ती हलकं समजायची. फक्त म्हणायची, "डाग दिसतोय. पुन्हा धू."

हे ऐकायला समोर बहुतेक वेळा सून असायची. मुलगा गाडी घेऊन गठ्ठे आणायचा, पोचवायचा, आणि बाकीच्या वेळी आईच्या विरुद्ध आणि बायकोच्या बाजूने काहीही न बोलण्याचं काम करायचा. ते काम त्याला फार छान जमायचं.

नीळबाईला वाचता येत नव्हतं. चादरींच्या कोपऱ्यावर शाईने घातलेल्या खुणा तेवढ्या कळायच्या: दवाखान्याची फुली, वसतिगृहाचं वर्तुळ, हॉटेलचे दोन त्रिकोण. बाकी कागद आला की सून वाचून दाखवायची. सून सात बुकं शिकलेली होती, आणि त्याबद्दल तिला घरात भरपूर ऐकवून झालं होतं. तिने एखादा कागद चुकीचा वाचला तर, असा विचार नीळबाईच्या मनाला कधी शिवला नाही. तेवढी धमक तिच्यात आहे, असं तिला वाटतच नव्हतं.

तर त्या वर्षी नीळबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिची धाकटी, बेबी, वीस वर्षांची झाली होती आणि तिला हॉटेलवालीच्या घरात द्यायचं होतं. साठ खोल्यांचं हॉटेल, एकुलता एक मुलगा, आणि दारावर गणवेशातला माणूस. नीळबाई पंधरा वर्षं त्या हॉटेलच्या मागच्या दाराने गठ्ठे नेत होती. मुलगी पुढच्या दाराने आत गेलेली तिला बघायची होती. हॉटेलवाली मात्र वर्षभर एकच शब्द बोलत होती: "बघू."

अशात सिनेमावाले आले.

आधी एक गाडी आली, तिच्यातून दिग्दर्शक उतरला. बारीक, दाढीवाला, शर्टाची कॉलर काळी. नीळबाईने आधी कॉलर बघितली, मग माणूस.

"आम्हाला घर हवंय," तो म्हणाला. "तीन आठवडे. सिनेमासाठी."

"कसला सिनेमा?"

दिग्दर्शक चाचरला. सून पायरीवर पिंप पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घराण्याचा असेल. मोठ्या घराण्याचा."

"हो," दिग्दर्शक म्हणाला. "तसाच."

नीळबाईच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. गावातल्या थिएटरात पडद्यावर तिचं घर, चौदाच्या चौदा खिडक्या, आणि बाल्कनीत शेजारच्या खुर्चीवर हॉटेलवाली तोंडात बोट घालून बसलेली. "बघू" म्हणायची मग काय बिशाद आहे! ती म्हणाली, "घर देते. पण घराची मालकीण म्हणून पडद्यावर मी दिसले पाहिजे. दुसऱ्या कोणी माझ्या घरात मालकीण म्हणून मिरवायचं नाही."

दिग्दर्शकाने तिच्याकडे नीट बघितलं. सरळ कणा, मागे ओढून बांधलेले केस, ओठ शिवलेल्यासारखे. तो हळूच म्हणाला, "आई, मला तुम्हीच हव्यात."

करारनामा सुनेने वाचला. तीन पानं होती, ती दीड पानात संपली. नीळबाईने अंगठा उठवला आणि बोटाची शाई लिंबू लावून घासून काढली.

काम सुरू झालं ते भांडणाने. सिनेमावाल्यांनी पहिल्या दिवशी जिन्यावर सुताची जाळी लावली, भिंतींना राख फासली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता येऊन बघतात तर जिना आरशासारखा. नीळबाईने पहाटे उठून सगळं झाडून, पुसून, जाळी भट्टीत घातली होती.

"आई, ती आमची जाळी होती!" कलाकाम बघणारा माणूस कळवळला. "दोन दिवस लागले विणायला!"

"माझ्या घरात जाळं लावायला दोन दिवस लागले, यातच काय ते समजा," नीळबाई म्हणाली.

पुन्हा लावली, तिने पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक पायरीवर कपाळ धरून बसला. सुनेने त्याला चहा दिला. ती त्याच्याशी बराच वेळ बोलली. नीळबाई वरून बघत होती, काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं. सुनेचे हात तेवढे हलताना दिसत होते. एकदा तिने बोट हवेत आडवं फिरवलं. एकदा पोटावर हात ठेवला. दिग्दर्शकाचा चहा तसाच निवला.

"काय सांगत होतीस त्याला एवढं?" नीळबाईने विचारलं.

"कामाचं, आई. आपण कसं काम करतो ते."

"सांग, सांग. शिकू दे जरा."

त्या दिवसापासून सिनेमावाल्यांनी जाळी आणणं सोडलं. उलट दिग्दर्शक सांगू लागला, घर अजून चकचकीत करा, गच्चीवर सगळ्या दोऱ्या भरून चादरी घाला, एक सुरकुती दिसता कामा नये. नीळबाईला वाटलं, माणूस सुधारला.

तिचं काम सोपं होतं. "रोजसारखं करा," एवढंच दिग्दर्शक म्हणायचा. ती खिडकीत उभी राहून चादर उजेडाला धरायची, बोट फिरवायची. मेकअपवाला डबी घेऊन पुढे आला तर दिग्दर्शकाने त्याला अडवलं. "हात लावू नकोस. आहेत तशाच राहू देत."

नीळबाईने सिनेमातल्या हिरॉइनकडे बघून घेतलं. तिच्या तोंडावर तीन थर होते. "काहींना लागतो रंग," ती म्हणाली, "काहींना नाही लागत."

हिरॉइन घरातल्या नव्या सुनेचं काम करत होती. एका प्रसंगात नीळबाईने चादरीवर बोट ठेवून तिला म्हणायचं होतं, "डाग दिसतोय. पुन्हा धू." तिने म्हटलं. त्यात काय, रोजचंच. पण हिरॉइन रडायला लागली ती थांबेना, आणि दिवे बंद झाल्यावरही हुंदके देत राहिली. दिग्दर्शक खूश. नीळबाई म्हणाली, "पोरगी गुणी आहे हो, कांदा न लावता रडते."

शेवटच्या दिवशी आवाज घेतला. भट्टी बंद केली, खिडक्या लावल्या, ध्वनी घेणाऱ्याने नीळबाईच्या तोंडापुढे माइक धरला आणि सुनेच्या हातात कागद दिला. सून एकेक वाक्य वाचायची, नीळबाई म्हणायची.

"आधी चादर थंड पाण्यात टाका. गरम पाण्याने रक्त पक्कं होतं."

नीळबाईने म्हटलं. अगदी बरोबर होतं ते, तिने मान डोलावली.

"एका डागासाठी कोणी माहेरी जातं का?"

नीळबाई थांबली. "हे कुठून काढलं?"

"लिहिलंय तसं वाचतेय, आई."

वाक्य शहाणपणाचं होतं. नीळबाईने ते ठसक्यात म्हटलं. आपण ते पूर्वी कधी म्हटलंय, हे तिला आठवलं नाही. सुनेने कागदाची घडी केली, काठाला काठ लावून, जशी चादरीची करतात.

सिनेमा लागला तो आठ महिन्यांनी. नाव "चौदा खिडक्या". नीळबाईने दुपारी तीनच्या खेळाची बाल्कनीतली पहिली रांग धरली. मध्ये ती, उजवीकडे हॉटेलवाली, डावीकडे बेबी, तिच्या पलीकडे मुलगा आणि सून. हॉटेलवाली काटकुळी बाई, चष्म्याला साखळी, हातातली पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. कोणी चमचे पळवेल अशी तिला सदा धास्ती.

"तुमचं घर आहे म्हणे यात," ती म्हणाली.

"घर आहे आणि मीही आहे," नीळबाई म्हणाली. "आता आपलंच कौतुक आपण काय करायचं? बघालच."

दिवे गेले. पडद्यावर घर आलं आणि नीळबाईचा ऊर भरून आला. किती पांढरं! गच्चीवर चादरी हलत होत्या, चौदा खिडक्या उन्हात चमकत होत्या. मग पडद्यावर अक्षरं आली आणि अंगावर काटा आणणारं संगीत सुरू झालं. खालच्या बाकड्यांवरची पोरं शिट्ट्या मारू लागली. भुताचा सिनेमा बघायला आलेले लोक, पण भूत कुठे, जाळं कुठे, म्हणून हसत होते. "अरे, ही तर लॉन्ड्रीची जाहिरात!" कोणीतरी ओरडलं. अख्खं थिएटर खो खो हसलं.

"भुताचा आहे?" हॉटेलवालीने विचारलं.

नीळबाईने पदर सारखा केला.

मग नवी सून अंगणातून वर बघते, आणि खिडकीत नीळबाई. पडद्याएवढी. चेहऱ्यावर रंगाचा थेंब नाही. ती हलत नाही, ओरडत नाही. ती फक्त चादर उजेडाला धरते आणि काठापासून काठापर्यंत बोट फिरवते.

हसणं बंद झालं. नळ बंद करावा तसं.

"डाग दिसतोय," पडद्यावरची नीळबाई म्हणाली. "पुन्हा धू."

खालून कुठूनतरी एका बाईची किंकाळी आली. मग दुसरीची. पुरुष उगाच खाकरले. नीळबाई खुर्चीच्या दांड्या धरून बसली होती. पडद्यावर कळत गेलं की ही बाई कधीच मेलेली आहे. मेली तरी तिने खिडकी सोडलेली नाही. घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेच्या चादरीवर ती डाग शोधते. थिएटरातले आठशे लोक तिला घाबरत होते, आणि तिच्या तोंडाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

पण खरा घाव पुढे होता. पडद्यावरच्या सुनेला दिवस गेलेले असतात. अंगात ताप. तरी तीस चादरी पुन्हा धुवायला लावतात, आणि तिसाव्या चादरीवर ती वाकते ती उठत नाही. चादर लाल होते. खिडकीतून आवाज येतो: "आधी चादर थंड पाण्यात टाका. गरम पाण्याने रक्त पक्कं होतं."

दोन वर्षांमागची ती दुपार घरात कोणी ओठांवर आणत नसे. दवाखान्याच्या तीस चादरी, सुनेचा पाचवा महिना, एकशे दोन ताप. नीळबाईच्या लेखी तेव्हाही ती कामचुकार होती आणि नंतरही नाजूकच ठरली. सुनेची आई न्यायला आली तेव्हा दारातच नीळबाईने तिला वाटेला लावलं होतं. काय बोलून लावलं होतं, ते आता पडद्यावर आठशे जणांपुढे तिच्याच आवाजात घुमलं: "एका डागासाठी कोणी माहेरी जातं का?"

आता आठवलं.

तिने मान वळवली. मुलगा बुटांकडे बघत होता. बेबी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. सून पडद्याकडे बघत होती, अगदी शांत, कामाचा दिवस संपल्यावर माणूस बसतो तशी.

दिवे लागले तेव्हा खालचे लोक उठले नाहीत. ते मागे वळून बाल्कनीकडे बघत होते. पहिल्या रांगेत तीच बाई, तेच केस, तेच ओठ. एक लहान पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड पदराआड दाबलं. नीळबाई उभी राहिली, मान ताठ. जिन्यावर गर्दी आपोआप दुभंगली. देवाला वाट देतात तशी नव्हे. रोग्याला देतात तशी.

बाहेर आल्यावर तिने हॉटेलवालीकडे बघायचं टाळलं. स्थळ गेलं, हे तिने गिळून टाकलं होतं. तर हॉटेलवालीनेच तिचा हात धरला.

"त्या तोंडाला काही लावलं नव्हतं ना तुम्ही?"

"नाही."

"मला वाटलंच!" हॉटेलवालीचे डोळे चष्म्याआड लकाकत होते. "लोक भुताला घाबरले. मी म्हणते, कसलं भूत? घर कसं ठेवावं ते दाखवलंय. आमच्याकडे साठ खोल्या, पण असा धाक मला जमला नाही हो. मुलगी तुमच्याच हाताखाली वाढली ना?"

"हो."

"मग बघायचं काही राहिलं नाही. माझं ठरलं."

नीळबाई वर्षभर ज्या शब्दासाठी झुरत होती तो असा, थिएटरच्या पायरीवर तिच्या पदरात पडला. तिने हॉटेलवालीच्या पकडीतून हात सोडवून घेतला.

सिनेमा तुफान चालला. पहिला आठवडा टवाळ पोरं आली, दुसऱ्यापासून बायकाच बायका. सासवा सुनांना घेऊन यायच्या, धडा मिळावा म्हणून. सुना मैत्रिणींना घेऊन यायच्या, रडायला. पोरं लॉन्ड्रीखाली उभी राहून ओरडायची, "पुन्हा धू!" आणि पळायची. गिऱ्हाईक वाढलं. लोक स्वच्छ टॉवेल घेऊन यायचे, केवळ तिला टॉवेल तपासताना बघायला मिळावं म्हणून.

वर्तमानपत्रात परीक्षण आलं. नीळबाईने ते सुनेपुढे टाकलं. "वाच."

सून वाचू लागली, नेहमीच्या सपाट आवाजात. "आजवर भुताच्या घरात आपण धूळ पाहिली. या दिग्दर्शकाने धुळीचा कण न दाखवता थरकाप उडवला. खिडकीतल्या त्या बाईने अभिनय केला आहे असं म्हणवत नाही. तिने काहीच केलेलं नाही. ती तशीच आहे."

"असं लिहिलंय?"

"लिहिलंय तसं वाचतेय, आई."

"तू वाचतेस की रचतेस?" नीळबाईने कागद हिसकावला, त्या काळ्या मुंग्यांकडे बघितलं. एकही खूण ओळखीची नव्हती. फुली नाही, वर्तुळ नाही, त्रिकोण नाही. "तूच सांगितलंस त्याला. चहा देताना."

सून इस्त्री करायला वळली. "तुम्हीच म्हणालात, सांग, सांग. शिकू दे जरा."

नीळबाईचा हात उठला. तो हवेतच राहिला, कारण खाली रस्त्यावर चार माणसं मान वर करून खिडकीकडे बघत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मजा होती. तिने तो हात केसांवरून फिरवला आणि खाली घेतला.

बेबी त्याच संध्याकाळी आईच्या खोलीत आली. दार लावून घेतलं.

"आई, मला तिथे नको देऊस."

"का? साठ खोल्यांचं हॉटेल आहे."

"ती चार वेळा सिनेमा बघून आली. काल मला बोलावलं होतं, चहाला. टेबलावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून हसली. तसंच, आई. तुझ्यासारखंच." बेबी रडत होती. "वहिनीचं काय झालं ते मी बघितलंय. मी तेव्हा जिन्यात होते."

नीळबाई पलंगाच्या कडेवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बसावंसं वाटलं. एक शब्द पुरे होता. हॉटेलवालीकडे जाऊन "नको" म्हणायचं, की संपलं. पण हॉटेलवाली विचारणार, का नको? आणि मग काय सांगणार? की असल्या सासूच्या हाताखाली मी माझी मुलगी देणार नाही? अख्खं गाव हेच ऐकायला टपलं होतं. त्या दिवशी थिएटरात आठशे लोक ज्याला घाबरले ते खरं होतं, असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सून दाराबाहेर उभी असणार, ऐकत.

"वहिनी नाजूक होती," ती म्हणाली. "तू माझी मुलगी आहेस."

"आई..."

"नीट काम केलं तर डाग राहत नाही. जा, तोंड धू."

बेबीने डोळे पुसले. मग गेली. लग्न महिन्याभरात झालं. हॉटेलच्या पुढच्या दाराने, गणवेशातल्या माणसाने दार उघडलं, बेबी आत गेली. नीळबाईने ते डोळे भरून पाहिलं. निदान तसं ती सगळ्यांना सांगत होती.

पुढच्या आठवड्यात दोन त्रिकोणांचे गठ्ठे यायचे बंद झाले. मुलाने जाऊन चौकशी केली. परत आला तो मान खाली घालून.

"त्या म्हणतात, आता बाहेर कशाला द्यायचं? घरातच हात आहेत. तुमच्याच तालमीतले."

"साठ खोल्यांच्या?" सुनेने विचारलं.

"हो."

बेबी भेटायला आली नाही. निरोप पाठवला की उत्तर यायचं, कामात आहे. नीळबाई दोनदा हॉटेलवर गेली. दोन्ही वेळा हॉटेलवालीने तिला पुढच्या खोलीत बसवलं, चहा दिला, गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवलं, "ओळखलंत का? त्याच या!" आणि बेबी वर कामात होती. मागच्या अंगणातून मात्र पाण्याचा आवाज येत होता, आणि कपडा दगडावर आपटल्याचा. नीळबाईला तो आवाज कळायचा. आपटणाऱ्या हातात जोर नव्हता.

सिनेमाचा पंचविसावा आठवडा होता. थिएटरवर माळा सोडल्या होत्या, दिग्दर्शकाला कुठलंतरी बक्षीस मिळालं होतं. त्या दिवशी दुपारी हॉटेलचा माणूस एक गठ्ठा ठेवून गेला. लहानसा, एकाच चादरीचा. कोपऱ्यावर दोन त्रिकोण. वर चिठ्ठी टाचलेली.

नीळबाईने गठ्ठा सोडला. चादर अर्धी उघडली आणि तिचे हात थांबले. वीस वर्षं ती डाग ओळखत होती. चहाचा, तेलाचा, औषधाचा, गंजाचा. हा कसला, किती दिवसांचा, कोणत्या महिन्यातला, हे तिला कोणी सांगायला नको होतं. असा डाग तिच्या घरात एकदा पडला होता. तपकिरी पडलेला, कडा पक्क्या. कोणीतरी तो गरम पाण्यात घासला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातून होतं तसं.

"वाच," ती म्हणाली.

सुनेने चिठ्ठी काढली. या वेळी तिने आधी मनात वाचली. मग मोठ्याने.

"हा डाग तुमच्या मुलीला निघत नाही. शिकवून पाठवली म्हणालात, म्हणून पाठवतेय. ती म्हणते चार दिवस आईकडे जाते. मी म्हटलं, एका डागासाठी कोणी माहेरी जातं का? तुमचंच वाक्य, सिनेमातलं. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे."

"असंच लिहिलंय?"

सुनेने चिठ्ठी तिच्यापुढे धरली. नीळबाईने बघितलं. त्या मुंग्यांनी तिला या वेळीही काही सांगितलं नाही, पण सुनेने या वेळी 'लिहिलंय तसं वाचतेय' असं म्हटलं नव्हतं.

"गाडी काढायला सांग," नीळबाई म्हणाली. "आणायला जाते मी तिला."

"काय सांगून आणणार?" सुनेने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. "माझी आई आली होती, तिला काय सांगितलंत ते गावाला पाठ आहे. तेच त्या तुम्हाला दारात ऐकवतील. पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांपुढे. आणि सगळे हसतील, आई. हल्ली त्या वाक्याला थिएटरात हसतात."

मुलगा किल्ली हातात घेऊन दारात उभा होता, कोणाच्याच बाजूने नाही. नीळबाईने त्याच्याकडे बघितलं, मग चादरीकडे, मग बाहेर. रस्त्याच्या पलीकडे आजही तीन-चार माणसं थांबली होती, मान वर करून. तिने एक पाऊल दाराकडे टाकलं. तिच्या कानात हॉटेलची ती पुढची खोली भरली, कपांचे आवाज, "ओळखलंत का? त्याच या!" आणि पाऊल तिथेच अडलं.

ती वळली. तिने पिंप भरलं, थंड पाण्याचं. मुठीने मीठ टाकलं. चादर बुडवली आणि बाह्या वर सारून घासू लागली. तिची पाठ बऱ्याच वर्षांत वाकली नव्हती, ती कटकट वाजली. पाणी तांबूस झालं, बदललं, पुन्हा झालं. मुलाने किल्ली खिळ्याला अडकवली.

दोन तासांनी तिने चादर पिळली, शेवटच्या पाण्यात नीळ दिली, हात आयुष्यात पहिल्यांदा चुकला आणि थेंब जास्त पडला. गच्चीवर वाळत घातली. ऊन कलायच्या आत वाळली. खाली आणली तेव्हा सून खिडकीपाशी उभी होती. तिने दोन्ही हात पुढे केले. नीळबाईने चादर दिली. का दिली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या खिडकीत चादर कोणीतरी बघायचीच असते.

सुनेने चादर उजेडाला धरली. काठापासून बोट निघालं, सोललेलं, पांढरट पडलेलं बोट, आणि मधोमध येऊन थांबलं.

खाली रस्त्यावरची माणसं श्वास रोखून बघत होती.

"डाग दिसतोय, आई," सून म्हणाली. "पुन्हा धुवा."